हरकत नाही

“हरकत नाही” हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा उच्चारले याचा हिशेब ठेवला असता, तर त्याचं एक स्वतंत्र लेजर झालं असतं. शाखाधिकारी संध्याकाळी पाच वाजता म्हणतात, “जरा आजचं क्लोजिंग बघून जाल का?” मी म्हणतो, हरकत नाही. सौ. म्हणते, “अहो, माझा मामेभाऊ मुलाबाळांसकट आठ दिवस येतोय.” हरकत नाही. न्हावी म्हणतो, “साहेब, मागून जरा जास्तच गेले.” आता मी हरकत घेतल्यानं गेलेले केस परत येणार आहेत थोडेच? हरकत नाही!

सोसायटीच्या वार्षिक सभेला मी एकदा उशिरा पोचलो, तेव्हा मंडळी टाळ्या वाजवत होती. चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून मीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर कळलं, की मला एकमतानं सेक्रेटरी केलं होतं आणि त्या एकमतात माझंही मत होतं. कारण काय, तर मी बी.कॉम. आणि त्यातून बँकेत. बँकेतल्या माणसाला हिशेब येतो, असा लोकांचा एक समज आहे. आमच्या काउंटरपुढे रांगेत उभ्या असलेल्यांचा तो नसतो, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसावर सरकारदरबारी लेखी हरकत नोंदवायची पाळी यावी, यासारखा दैवदुर्विलास नाही.

त्याचं असं झालं. २०१६ सालच्या पावसाळ्यातला रविवार. मी कांदाभजी आणि वर्तमानपत्र यांच्यामध्ये सुखानं बसलेलो. एवढ्यात तळमजल्यावरचे नाना वर आले. नाना पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण इतका सरळ, की भिंत ओळंब्यात नसली तर त्यांना जेवण जात नाही. हातात त्यांच्याही वर्तमानपत्रच होतं. पण मी सिनेमाचं पान वाचत होतो आणि त्यांच्याकडे जाहिरातींचं होतं. तेही बारीक टायपातल्या.

“सेक्रेटरी, हे वाचलंत?”

वाचलं नव्हतं. बारीक टायपात छापलेलं आपण वाचायचं नसतं, हे मी बँकेत शिकलोय. आमचे सगळे ग्राहक तसंच करतात.

“शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय. हरकती-सूचना मागवल्यात. अठरा दिवस उरलेत.”

“हरकत नाही,” मी सवयीनं म्हणालो.

नानांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यानं बशीतली भजी गार झाली.

मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्या कायद्याप्रमाणे साधारण पुढच्या वीस वर्षांसाठी शहराचा आराखडा करतात. रस्ता कुठून जायचा, शाळा कुठं, बाजार कुठं, दवाखाना कुठं, स्मशान कुठं, असं सगळं. म्हणजे आपण मेल्यावर आपल्याला कुठल्या रस्त्यानं न्यायचं हेसुद्धा ठरलेलं असतं. फक्त आपल्याला विचारलेलं नसतं, असं मी म्हणालो.

“विचारलंय!” नानांनी त्या बारीक टायपावर बोट आपटलं. “हेच ते विचारणं. सव्विसाव्या कलमाखाली आराखडा लोकांपुढे ठेवावाच लागतो. आपण पान उलटतो आणि मग वीस वर्षं ओरडत बसतो.”

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही नगररचना विभागात नकाशा बघायला गेलो. भिंतीवर मोठमोठे कागद टांगलेले होते. पिवळं म्हणजे राहण्याचं, निळं म्हणजे व्यापाराचं, जांभळं म्हणजे कारखान्यांचं आणि हिरवं म्हणजे बागा, मैदानं. समोर ही गर्दी! पण शहर कोणीच बघत नव्हतं. जो तो आपलं घर शोधत होता. घर सापडलं आणि त्यावरून रस्ता गेलेला नसला, की माणूस “चला!” म्हणून रुमालानं घाम पुशी आणि घरी जाई. शेजाऱ्याच्या घरावरून गेला असेल, तर चेहऱ्यावर दुःख आणून जाई. मीही बोट ठेवून घर शोधायला लागलो. पाच मिनिटांनी नाना शांतपणे म्हणाले, “सेक्रेटरी, तुम्ही नदीत उभे आहात.”

त्यांनी माझं बोट धरून मला काठावर आणलं, पुलावरून नेलं, दोन चौक ओलांडले आणि आमच्या सोसायटीवर उभं केलं. आणि मग ते बोट सोसायटीच्या मागं नेलं.

आमच्या मागं अर्ध्या एकराला थोडी कमी अशी मोकळी जमीन आहे. मालक खाजगी. जुन्या आराखड्यात तिच्यावर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं. पण पालिकेनं ती ताब्यात घेतली नाही आणि आरक्षणामुळे मालकाला तिथं बांधता आलं नाही. बँकेच्या भाषेत ते आमचं सस्पेन्स खातं. रक्कम कोणाची ते ठरत नाही, तोवर ती तिथंच पडून असते. तिथं पोरं क्रिकेट खेळतात, गणपतीचा मांडव पडतो, वाळवणं होतात. आणि माझी आई तिथं चालते.

आईचं खुब्याचं हाड मोडलं, त्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. आता आमच्या भागात पंचाहत्तरीच्या बाईनं काठी घेऊन चालायचं कुठं? फुटपाथवर एक तर भाजीवाला असतो, नाही तर फुटपाथच नसतो. म्हणून ती मैदानात चालायची. कडेकडेनं, आमच्या भिंतीला हात लावत, तीन फेऱ्या. एक विठोबाची, एक रखुमाईची आणि एक, तिच्याच शब्दांत, “त्या मेल्या हाडाची.”

नव्या नकाशात तिथला हिरवा रंग गेला होता. त्या जागी तिरप्या रेघा होत्या आणि लिहिलं होतं, ‘वाहनतळ’.

मी तत्काळ सभा बोलावली. जिन्याखाली सोळा घरांची माणसं जमली. मी गंभीर आवाजात सांगितलं, “मंडळी, आपल्या मैदानावर मोटारी लावायचा घाट घातला जातोय.”

“उत्तम!” चेअरमन म्हणाले.

हे मला अनपेक्षित होतं. पण बघता बघता आठ-नऊ जणांचे चेहरे उजळले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दिवाळीत गाडी घ्यायचं ठरवलं होतं. चेअरमनांच्या घरात दोन गाड्या, त्यातली एक कायम रस्त्यावर. लोकसहभाग, लोकसहभाग म्हणतात तो असा असतो. लोक सहभागी होतात, पण विरुद्ध बाजूनं.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. एरवी त्या सभेत फक्त पाण्याबद्दल बोलतात. “भाऊजी,” त्या चेअरमनांना म्हणाल्या, “गाडी रात्री रस्त्यावर उभी राहिली तर तिला सर्दी होत नाही. माझी पोरं रस्त्यावर खेळली, तर?” सगळे गप्प. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “आणि तिथं गाड्या आल्या, तर त्या फक्त आपल्याच येतील असं तुम्हाला कोणी सांगितलं? बाजाराच्या दिवशी आख्खं शहर आपल्या खिडकीखाली हॉर्न वाजवील.”

या दुसऱ्या मुद्द्यानं ठराव पास झाला. पहिला मुद्दा योग्य होता आणि दुसरा सोयीचा होता. सभा नेहमी दुसऱ्यावर जिंकतात, हे मी तिथं शिकलो.

हरकतीचा मसुदा करायचं काम अर्थातच माझ्याकडे. आणि मग प्रत्येकाला त्यात आपापलं काही घालायचं होतं. कचऱ्याची गाडी सात वाजता येते ती साडेसातला यावी. पाण्याला जोर नाही. भटकी कुत्री. समोरच्या मंगल कार्यालयाचा बँड. एका गृहस्थांनी आपल्या भावाशी चाललेल्या वाटणीच्या दाव्याचाही उल्लेख सुचवला. मी कोणालाच नाही म्हणालो नाही. हरकत अकरा पानांची झाली. नानांनी ती वाचली, चष्मा काढला, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, “उत्तम झालंय. नातवंडांना वाचायला ठेवा. आता हरकत लिहू या.”

त्यांनी पाऊण पानात लिहिली. नकाशाचा क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, जुन्या आराखड्यात काय होतं, नव्यात काय केलंय, काय असावं आणि का. जवळपास दुसरं मैदान किती अंतरावर आहे, वाटेत किती रस्ते ओलांडावे लागतात. बस्स. “एका कागदावर एकच गोष्ट,” ते म्हणाले. “वाचणाऱ्याच्या टेबलावर असे हजारो कागद असतात. त्याला रडायला वेळ नसतो. आणि प्रत्येक घरानं आपलं वेगळं पत्र द्यायचं. पोच घ्यायची.”

कागद द्यायला मी गेलो. खिडकीमागच्या माणसानं वर न बघता विचारलं, “दुसरी प्रत?” नव्हती. “नकाशाच्या झेरॉक्सवर सही?” नव्हती. “उद्या या.” मी संतापलो. एका सहीसाठी माणसाला परत पाठवायचं म्हणजे काय? माणुसकी म्हणून काही आहे की नाही? मी हे बोलणार, एवढ्यात मला वीस वर्षांतली माझ्याच खिडकीपुढची तोंडं दिसली. पेन्शनवाले आजोबा, पासबुकावरचा फोटो ओला झालेली बाई, ‘श्री’ लिहायचं राहिलं म्हणून परत गेलेले तमाम श्रीमान आणि श्रीमती. मी म्हणालो, “हरकत नाही. उद्या येतो.” या वेळी ते मनापासून होतं.

“याचा काही उपयोग होईल का हो?” मी नानांना विचारलं.

“मुंबईचं माहीत आहे ना? २०१५च्या फेब्रुवारीत त्यांचा नवा प्रारूप आराखडा आला. लोकांनी वाचला आणि त्यात इतक्या चुका निघाल्या, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो पुन्हा करायला सांगितला. यंदा मे महिन्यात सुधारलेला आलाय.”

म्हणजे चेक परत जातो तसा आख्ख्या मुंबईचा आराखडा परत गेला होता! मला एकदम धीर आला. (पुढे २०१८ साली त्याला सरकारची मंजुरी मिळाली. चेक दुसऱ्यांदा वटला.)

सुनावणीचं पत्र आलं ते थंडीत. वेळ सकाळी अकराची. आमचा नंबर लागला चार वाजता. मधल्या पाच तासांत मी शेजारच्या माणसांच्या हरकती ऐकल्या. प्रत्येकाची एकच होती: रस्ता हवाच, पण पलीकडून जावा. ऐकून हसू येत होतं. पण मीही वाहनतळ हवाच, पण पलीकडे व्हावा, हेच सांगायला आलो होतो.

आत समिती बसली होती. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनानं नेमलेले तज्ज्ञ. असे तज्ज्ञ जास्तीत जास्त चार असतात. कायद्यात तशीच रचना आहे. बोलायला पाच मिनिटं. मी आईच्या तीन फेऱ्यांपासून सुरुवात करणार होतो. नानांनी कोपर मारलं, तेव्हा नकाशाच्या क्रमांकापासून केली. सगळं नीट झालं. एक वयस्क तज्ज्ञ मान डोलावत होते. मग त्यांनी एक कागद पुढे ओढला.

“मैदान असावं, हे बरोबर आहे. पण ही मोजणी पाहिलीत? तुमच्या सोसायटीची मागची भिंत मैदानात चार फूट आत आहे.”

मी नानांकडे पाहिलं. नाना छताकडे पाहत होते. ओळंब्यात नसलेल्या भिंतीवर न जेवणारा हा माणूस त्या भिंतीजवळ इतकी वर्षं जेवत होता!

“नकाशात तर नाही दिसत,” मी क्षीण आवाजात म्हणालो.

“नाहीच दिसणार. हा नकाशा १ : २५००चा. अर्ध्या मिलिमीटरची रेघ मारली, की जमिनीवर ती सव्वा मीटर जाड होते. म्हणजे चार फूट. तुमचं अतिक्रमण रेघेत मावलंय.” ते हसले नाहीत. “तुम्ही म्हणता मैदान वाचवा. कोणापासून?”

मंडळी, त्या खोलीत पंखा फिरत होता आणि मला घाम फुटला होता. त्या चार फुटांत सात स्कूटरी उभ्या राहत होत्या. वर पत्रा होता. पत्र्याचा खर्च माझ्याच सहीनं झाला होता. आणि सातांपैकी चौथी स्कूटर माझी होती.

काही तरी बोलायला हवं होतं. वकील असता तर मुदत मागितली असती. पुढारी असता तर आवाज चढवला असता. मी बँकेतला कारकून. माझ्या तोंडून जे नेहमी बाहेर पडतं, तेच पडलं.

“हरकत नाही,” मी म्हणालो. “भिंत मागे घेऊ.”

“लेखी द्याल?”

दिलं. सोसायटीचा ठराव नसताना, चेअरमनांना न विचारता, तिथंच उभ्या उभ्या लिहून दिलं. बँकेत असं केलं असतं, तर निलंबित झालो असतो.

सोसायटीत जवळपास झालोच. त्या रात्रीच्या सभेत मला जे बोलणं बसलं, ते इतिवृत्तात नाही, कारण इतिवृत्त लिहिणारा मीच होतो. “कोणाला विचारून?” “ह्यांना काय, हे बँकेच्या लोनवर नवी गाडी घेतील!” “चार फुटांनी कोणाचं मैदान अडलंय?” या शेवटच्या प्रश्नावर नाना उठले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

“भिंत बांधली तेव्हा मी देखरेखीला होतो,” ते म्हणाले. “दोरी मीच धरली होती. बिल्डर म्हणाला, चार फूट घ्या, कोण बघतंय? मी हरकत नाही म्हणालो.”

मतं पडली. भिंत मागे घेण्याच्या बाजूनं नऊ, विरुद्ध सात. नवव्या मतासाठी हात वर केला तो चेअरमनांच्या घरातून. पण चेअरमनांनी नव्हे, सभेला त्यांच्याऐवजी सही करून बसलेल्या त्यांच्या बायकोनं. त्या घरात पुढे आठ दिवस कोण कोणाशी बोलत नव्हतं, ते मी सांगणार नाही.

पत्रा उतरला, भिंत पाडली, चार फूट मागे बांधली. वर्गणी निघाली. सात स्कूटरी पावसात उभ्या राहायला लागल्या. सकाळी माझी स्कूटर चालू होत नसे, तेव्हा वरच्या गॅलऱ्यांतून लोक मोठ्या समाधानानं पाहत. विरोधी मतं देणाऱ्या सात घरांपैकी दोन अजून माझ्याशी फक्त पावतीपुरतं बोलतात.

आराखड्याला सरकारची मंजुरी आली ती २०१९ साली. आम्ही पुन्हा नकाशा बघायला गेलो. या वेळी मी नदीत गेलो नाही. थेट घराच्या मागं बोट ठेवलं. हिरवा रंग होता. मी पेढे आणायला निघालो, तर नानांनी हात धरला.

“हिरवा रंग म्हणजे मैदान नव्हे. ती फक्त हुंडी आहे. आता पालिकेनं पैसे देऊन किंवा मालकाला विकास हक्क देऊन जमीन घ्यायला हवी. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत नाही घेतली, तर मालक एकशे सत्ताविसाव्या कलमाखाली नोटीस देऊ शकतो. तरीही मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण जातं.”

“म्हणजे अजून लक्ष ठेवायचं?”

“मी ठेवीन म्हणतो,” नाना म्हणाले, “पण माझी मुदत तुम्हाला माहीत आहे.”

ती २०२१ साली संपली. त्यांच्या फायली माझ्याकडे आल्या. प्रत्येक हरकतीची पोच, तारखेप्रमाणे लावलेली. वर एका चिठ्ठीवर लिहिलेलं: ‘दर अंदाजपत्रकाच्या आधी स्मरणपत्र.’ मी दर वर्षी पाठवतो. एका कागदावर एकच गोष्ट. दुसऱ्या प्रतीसकट. खिडकीमागचा माणूस आता मला नावानं ओळखतो आणि मी बँकेत सही राहिलेल्या आजोबांना परत पाठवण्याऐवजी पेन पुढे करतो. जमीन अजून पालिकेनं घेतलेली नाही. पोरं मात्र खेळतायत.

भिंत पाडली त्या पट्टीवर आम्ही मुरूम टाकून घेतला. आई तिथूनच चालते. ती जागा कडेची, सावलीची आणि सपाट. आता तिच्या चार फेऱ्या होतात. चौथी कोणाची म्हणून विचारलं, तर म्हणाली, “नानांची.”

गेल्या महिन्यात तळमजल्यावर नवे बिऱ्हाडकरू आले. नानांच्याच घरात. गृहस्थ सज्जन आहेत. परवा संध्याकाळी मला जिन्यात गाठून म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, पाठीमागं भिंतीला लागून ती पट्टी मोकळीच आहे. रात्रीपुरती माझी मोटरसायकल तिथं लावली तर काही हरकत?”

जन्मभराची सवय. शब्द जिभेवर आलेलेच होते. पहिला बाहेरही पडला, “हरकत...”

त्यांनी हसून वर पाहिलं.

“...आहे,” मी म्हणालो.